चेहऱ्याचा बुधला : घडण, शिक्षण आणि आशय

प्रस्तावना

मातीच्या पात्राला माणसाचा चेहरा देण्याची कल्पना अनेक संस्कृतींत स्वतंत्रपणे उगवलेली दिसते. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील मोचे संस्कृतीची व्यक्तिचित्रात्मक पात्रे, सोळाव्या-सतराव्या शतकांत ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात तयार झालेले दाढीवाल्या पुरुषाचे बुधले, अठराव्या शतकातील इंग्लंडमधील टोबी जग ही त्याची सुपरिचित उदाहरणे होत. आपल्याकडेही मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशावरील नारळाला देवीचा मुखवटा बांधला जातो, तेव्हा पात्राला चेहरा लाभणे ही गोष्ट मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये. परंतु अशा साम्यांची यादी करून थांबणे ही तौलनिक अभ्यासातील सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत निरुपयोगी वाट आहे. पात्राला चेहरा कोणी दिला, कोणत्या परिस्थितीत दिला आणि कोणत्या मातीने दिला, हे तीन प्रश्न बाजूला ठेवले की सगळे चेहरे सारखेच दिसू लागतात.

प्रस्तुत लेखाचा विषय अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील एजफील्ड परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घडवले गेलेले चेहऱ्याचे बुधले हा आहे. इंग्रजीत त्यांना 'फेस जग' म्हणतात. अरुंद तोंडाचा, फुगीर पोटाचा, मागे मूठ असलेला, बहुधा वीतभर उंचीचा हा बुधला. त्याच्या दर्शनी अंगावर नाक, भुवया, कान, वटारलेले पांढरे डोळे आणि उघड्या ओठांतून दिसणारे पांढरे दात. हे बुधले गुलामगिरीत ठेवलेल्या आफ्रिकी वंशाच्या कुंभारांनी घडवले. आज हाच प्रकार मातीकामाच्या वर्गांतून 'हाताने घडवण्याचा' एक आवडता पाठ झाला आहे. प्रस्तुत लेखिकेने अशाच एका हौशी वर्गात हा पाठ गिरवला. त्या अनुभवाचे वर्णन करणे हा येथे हेतू नाही. मात्र घडवण्याची रीत बदलली की रूपाचा आशयही बदलतो, हे पुस्तकातून कळले नव्हते, ते हात मातीत घातल्यावर कळले. म्हणून त्याचा उल्लेख अपरिहार्य आहे.

चाकावरचे पात्र आणि हातावरचा चेहरा

एजफील्डमधील मृत्पात्रांचा व्यवसाय १८१०च्या दशकात आकाराला आला. डॉ. अब्नेर लँड्रम यांनी वसवलेले पॉटर्सव्हिल हे त्याचे आरंभीचे केंद्र. तेथील मातीची भांडी उच्च तापमानात भाजलेली, म्हणजे ज्याला आपण स्टोनवेअर म्हणतो त्या जातीची असत. लाकडाची राख किंवा चुना, वाळू आणि माती यांच्या मिश्रणातून त्यांना हिरवट-तपकिरी झिलई मिळे. मळ्यांवर खारवलेले मांस, चरबी, काकवी साठवण्यासाठी या बरण्यांना मोठी मागणी होती. पॉटर्सव्हिलच्या भट्टीचे उत्खनन २०११मध्ये झाले, तेव्हा ती सुमारे १०५ फूट लांबीची असल्याचे उघड झाले. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'लोककला' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर झोपडीपुढे बसलेला एकटा कारागीर उभा राहतो. येथे मात्र एक उद्योग होता आणि माती खणणे, मळणे, चाक चालवणे, लाकूड तोडणे, भट्टी लावणे ही त्यातील बहुतेक कामे गुलाम करत होते.

या उद्योगातील एकाच कुंभाराचे नाव आज जगभर घेतले जाते, ते डेव्हिड ड्रेक याचे. त्याने आपल्या बरण्यांवर 'डेव्ह' अशी सही, तारीख आणि काही वेळा दोन ओळींचे पद्य कोरले. गुलामांना लिहावाचायला शिकवणे गुन्हा ठरवणारा कायदा दक्षिण कॅरोलायनाने १८३४मध्ये केला, आणि डेव्हचे उपलब्ध कोरीव लेखनही त्याच वर्षापासून सुरू होते. १८५९मध्ये त्याने सहकाऱ्याच्या मदतीने घडवलेल्या बरण्यांची क्षमता चाळीस गॅलनांच्या घरात जाते. डेव्हवर बरेच लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण चेहऱ्याचे बुधले बहुतेक निनावी आहेत. सहीची सोय नसलेल्या कुंभारांनी मागे चेहरा ठेवला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण तो चेहरा त्यांचा स्वतःचा होता असे म्हणायला कोणताही आधार नाही.

आधार आहे तो वेगळ्याच गोष्टीला. अमेरिकन मृत्पात्रांचा इतिहासकार एडविन ॲटली बार्बर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थॉमस डेव्हीज या कारखानदाराकडून मिळालेली माहिती नोंदवली. बाथ या गावी डेव्हीजचा 'पाल्मेटो फायर ब्रिक वर्क्स' हा कारखाना १८६२च्या सुमारास, म्हणजे यादवी युद्धाच्या काळात चालू होता. तेथील गुलाम कुंभारांनी हे बुधले घडवले. ते मालकाने मागवलेला माल नव्हते, तर कामगारांनी आपल्या मर्जीने केलेल्या वस्तू होत्या, असा त्या माहितीचा आशय आहे. बार्बरची शेरेबाजी त्याच्या काळाला साजेशी आहे. या वस्तू त्याला विलक्षण वाटतात आणि ओबडधोबडही वाटतात. तरी 'मर्जी' हा मुद्दा त्याच्या नोंदीतून निसटलेला नाही.

आता घडणीकडे पाहू. एजफील्डचा बुधला चाकावर ओढलेला आहे. कुंभार पोट फुगवतो, खांदा आत घेतो, गळा आवळतो आणि पात्र जवळजवळ मिटते. बोटभर तोंडातून आत हात जात नाही. म्हणजे चेहरा द्यायचा तो बाहेरूनच: नाकासाठी मातीचा गोळा, भुवयांसाठी वळी, ओठांसाठी आणखी दोन वळ्या, खाली खाचा पाडून आणि पातळ चिखल लावून चिकटवलेल्या. दिवसभरात असे कितीतरी बुधले ज्या हातांनी मालकासाठी ओढले, त्याच हातांनी ओढलेल्या एका बुधल्यावर ही जादा माती चढली. पात्र ही सवयीची, वेगाची, हुकुमाची गोष्ट. चेहरा ही थांबून करायची. दोन वेगळ्या प्रकारचे काळ एकाच वस्तूत एकावर एक बसले आहेत, आणि त्यांच्यामधला सांधा नीट पाहिले तर डोळ्यांना दिसतो.

हाताने घडवण्याच्या वर्गात हा सांधा नाहीसा होतो. तेथे चाक नाही. तळाची चकती थापायची, अंगठ्याएवढ्या जाडीच्या वळ्या एकावर एक बसवायच्या, आतून-बाहेरून बोटाने लिंपायच्या आणि सात-आठ मिलिमीटरची भिंत वर चढवायची. गळा अजून उघडा असतो. शिकवणारा सांगतो की आत हात घाला, गालांच्या जागी हलकेच बाहेर दाबा, कपाळाला उभार द्या. चेहरा भिंतीतूनच फुगून येतो. नंतर वरून नाक आणि ओठ जोडले तरी मुख्य उठाव आतला असतो. हे तंत्र सोयीचे आहे, सुंदर आहे आणि नवशिक्याला लगेच समाधान देणारे आहे. पण त्यातून होणारी वस्तू आशयाच्या दृष्टीने दुसरीच असते. एकीकडे मिटलेल्या, दुसऱ्याच्या मालकीच्या पात्रावर बाहेरून लादलेली उपस्थिती. दुसरीकडे आपल्याच फुरसतीतून, आपल्याच भिंतीतून उमलणारा चेहरा. आमच्या वर्गात सगळा वेळ आमचाच होता. बुधला करायलाही आणि चेहरा करायलाही. त्यामुळे 'जादा' म्हणावे असे काही उरलेच नाही.

मर्ढेकरांपासून आपल्याकडे कलाकृतीच्या माध्यमाचा विचार गांभीर्याने होत आला आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव मानले. चेहऱ्याचा बुधला केवळ रूप म्हणून पाहणारे एका ध्रुवाकडे जातात आणि केवळ गुलामगिरीचा दस्तऐवज म्हणून पाहणारे दुसऱ्याकडे. माझ्या मते ही वस्तू या द्वंद्वाला फारशी दाद देत नाही, कारण तिच्या बाबतीत माध्यम वाचणे म्हणजेच परिस्थिती वाचणे आहे. वळी कोठे चिकटवली आहे हा रूपाचा प्रश्न आहे आणि कुंभाराचा हात आत का गेला नाही हा इतिहासाचा. पण उत्तर एकच आहे.

पांढरा डोळा

या बुधल्यांचे सर्वांत लक्षवेधी वैशिष्ट्य म्हणजे डोळे आणि दात. ते रंगवलेले नाहीत. ते केओलिन या पांढऱ्या मातीचे, वेगळे घडवून बसवलेले आहेत आणि बहुधा झिलईविना ठेवलेले आहेत. काळपट, चकाकत्या अंगावर ही कोरडी पांढरी माती अशी काही उठून दिसते की पाहणाऱ्याची नजर तेथून हलत नाही.

या डोळ्यांचा अर्थ लावताना अभ्यासकांनी मध्य आफ्रिकेकडे बोट दाखवले आहे. रॉबर्ट फॅरिस थॉम्सन यांनी कोंगो प्रदेशातील विधिविषयक प्रतिमांशी, विशेषतः 'न्किसी' या शक्तियुक्त वस्तूंशी त्यांचे नाते जोडले. पांढरी माती तेथे मृतांच्या लोकाशी निगडित मानली जाते. या संबंधाला ऐतिहासिक पाठबळही आहे. अमेरिकेत परदेशातून गुलाम आणण्यावर १८०८पासून बंदी होती. तरीही २८ नोव्हेंबर १८५८ रोजी 'वाँडरर' ही नौका कोंगो नदीच्या परिसरातून आणलेल्या माणसांना घेऊन जॉर्जियातील जेकिल बेटावर लागली. वाटेत अनेकजण मेले. सुमारे चारशे उरले. त्यांपैकी बरेचजण एजफील्ड परिसरात नेले गेले. चार वर्षांच्या आत तेथे पांढऱ्या डोळ्यांचे बुधले घडत होते. जॉन मायकेल व्हलाक यांच्या १९७८च्या ग्रंथापासून पुढे आफ्रिकी-अमेरिकी वस्तुकलेच्या अभ्यासात हा प्रश्न सतत चर्चेत राहिला आहे.

यावर एक व्यावहारिक आक्षेप घेतला जातो. त्या भागात केओलिनचे मोठे साठे आहेत. कारखान्याच्या नावातच आगविटा आहेत आणि आगविटांना अशी माती लागते. मग हाताशी असलेली माती वापरली, एवढेच तर झाले नाही ना? मला हा आक्षेप वजनदार वाटतो, पण तो ज्या निष्कर्षासाठी मांडला जातो तो निष्कर्ष मात्र मान्य नाही. हाताशी असलेली माती वापरणे सोपे असते, हे गृहीतच चुकीचे आहे, आणि हे मला एका तडकलेल्या पापणीने शिकवले.

आमच्या वर्गात दोन मातींचा प्रयोग झाला तेव्हा मी पांढऱ्या मातीच्या गोळ्या आदल्या दिवशी करून ठेवल्या होत्या. त्या सुकलेल्या. बुधल्याचे अंग ओले. खोबणीत गोळी बसवली, वर-खाली वळीची पापणी लावली. दोन दिवसांनी पापण्या उभ्या तडकल्या. ओली माती सुकताना आकसते. आत न आकसणारी गोळी असेल तर तिला फाटण्यावाचून गत्यंतर नसते. दुसऱ्या खेपेस उलट झाले. गोळी अंगापेक्षा ओली होती, ती जास्त आकसली आणि खोबणीत खुळखुळू लागली. दोन्ही माती एकाच ओलाव्याला आणाव्या लागतात. त्यानंतर भट्टी असतेच आणि तेथेही दोघींचे आकसणे सारखे नसते. आज यावर उपाय म्हणून केओलिनमध्ये दुसरी चिकट माती आणि फेल्डस्पार मिसळतात, प्लॅस्टिकखाली आठवडाभर सावकाश सुकवतात. एजफील्डच्या कुंभाराने हे गणित नजरेने आणि बोटाने सोडवले होते. फसलेल्या डोळ्यांचे ढीग त्यालाही पाहावे लागले असतील.

म्हणजे पांढरी माती जवळ होती हे खरे, पण ती डोळ्यात बसवणे अडचणीचे होते. झिलई पुसून काढून अंगच थोडे उजळ ठेवता आले असते, किंवा पांढरा चिखल वरून फासता आला असता. ते न करता कुंभारांनी पुन्हा पुन्हा अवघड मार्ग पत्करला. उपलब्धता ही शक्यता निर्माण करते. आग्रह निर्माण करत नाही. हा आग्रह कोठून आला, याचे थॉम्सन यांनी दिलेले उत्तर मला आजही सर्वांत समाधानकारक वाटते, जरी प्रत्येक बुधल्याला ते सारखेच लागू पडेल असे नाही. घाई न करता, सावरून, दोन मातींना एका ओलाव्यावर आणणारा माणूस गंमत म्हणून वेडेवाकडे तोंड काढत होता, हे मात्र पटत नाही.

'कुरूप' हे नाव

विसाव्या शतकात हा प्रकार गोऱ्या कुंभार घराण्यांच्या हातांत स्थिरावला. जॉर्जियातील मॉसी क्रीकचे लॅनियर मीडर्स (१९१७–१९९८) आणि नॉर्थ कॅरोलायनातील कटाबा खोऱ्याचे बर्लन क्रेग (१९१४–२००२) ही त्यातील दोन मोठी नावे. दोघांनाही अनुक्रमे १९८३ आणि १९८४ साली पारंपरिक कलांसाठीची राष्ट्रीय सन्मानवृत्ती मिळाली. क्रेग दातांसाठी फुटक्या चिनी बशांचे तुकडे वापरत. ते बुधले उत्तम आहेत, काही तर थरारक आहेत, आणि त्यांच्या कर्त्यांना उसनवारीचे आरोपी म्हणून उभे करण्यात मला रस नाही. परंतु बशीचा तुकडा आणि केओलिनची गोळी यांत भेद आहे. तुकडा आधीच भाजलेला, बाहेरून आणलेला, परका असतो. त्याची धार हेच त्याचे सौंदर्य. केओलिनचा डोळा त्याच जमिनीतला, त्याच भट्टीत भाजलेला असतो.

याच काळात 'अग्ली जग', म्हणजे कुरूप बुधला, हे नाव बाजारात रूढ झाले. त्याबरोबर स्पष्टीकरणेही आली: मुलांनी दारूच्या बुधल्याला हात लावू नये म्हणून भीतिदायक तोंड, थडग्यावर ठेवण्यासाठी केलेले पात्र, दुष्ट शक्ती पळवण्याचा उपाय. या कथा ऐकायला छान आहेत. पण १८६०च्या दशकातील एजफील्डच्या वस्तूंवर त्या मागाहून चिकटवलेल्या आहेत आणि त्यांचा सांधा कच्चा आहे. 'कुरूप' हे विशेषण तर वर्णनच नव्हे, तो निवाडा आहे. एजफील्डचे चेहरे शांतपणे पाहिले तर त्यांत विद्रूपीकरण फारसे आढळत नाही. नाक रुंद आहे, ओठ जाड आहेत, डोळे मोठे आहेत. यांत कुरूप ते काय? ज्या नजरेला हा चेहराच कुरूप वाटत होता तिने दिलेले नाव आपण तंत्राची संज्ञा म्हणून वापरतो आहोत. दलित साहित्याच्या समीक्षेने मराठीत हाच प्रश्न विचारला होता: सौंदर्याची मोजपट्टी कोणाच्या हातात आहे? शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या पुस्तकाच्या वाचकाला 'अग्ली जग' या नावातला डाव ओळखायला वेळ लागू नये.

अलीकडे ही मोजपट्टी बदलू लागली आहे. नॉर्थ कॅरोलायनातील जिम मॅकडॉवेल हे कृष्णवर्णीय कुंभार चेहऱ्याचे बुधले घडवून त्यांचा आफ्रिकी-अमेरिकी वारसा ठामपणे सांगतात. शिल्पकार सिमोन ली यांनी या रूपाचा आपल्या मोठ्या मृत्शिल्पांत पुनर्विचार केला. एजफील्डच्या कुंभारांवरील 'हिअर मी नाऊ' हे प्रदर्शन २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये भरले आणि पुढे बॉस्टनसह अन्य शहरांत गेले. मात्र वर्गातला पाठ अजून जुन्याच वळणाने जातो.

शिकवण्याचा प्रश्न

आमच्या वर्गात पहिल्या दिवशी सूचना मिळाली ती एवढीच: जमेल तितके विचित्र तोंड करा. कोणी जीभ बाहेर काढली, कोणी एक डोळा मिटला, एका गृहस्थांनी आपल्या वरिष्ठांचे तोंड केले आणि सगळे हसले. मीही हसले. शिकवणारी व्यक्ती कसबी होती, मायेने शिकवणारी होती. एजफील्ड हा शब्द तिच्या तोंडून आठही दिवसांत आला नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला हा पाठ असाच मिळाला होता: कृती सुटी करून, टप्प्यांत बांधून, माणसांवेगळी.

येथे हा विषय आपल्या महाविद्यालयांपर्यंत येतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवी अभ्यासक्रमांत कौशल्याधारित विषयांना श्रेयांक मिळू लागले आहेत. मातीकाम, बांबूकाम, वारली चित्रे यांचे वर्ग निघत आहेत. या बदलाचे मी स्वागत करते. बौद्धिक काम आणि हाताचे काम यांची फारकत ज्या समाजाने जातीच्या आधाराने केली, त्यात प्राध्यापकांनी माती मळणे ही लहान गोष्ट नाही. पण कौशल्य म्हणजे निव्वळ टप्प्यांची यादी असे आपण मानले तर ज्यांनी ते कौशल्य घडवले ते पुन्हा एकदा निनावी होतील, आणि या वेळी ते आपल्या हातून होतील. कुंभाराचे चाक शिकवताना बलुत्याचा उल्लेख टाळणे आणि चेहऱ्याचा बुधला शिकवताना गुलामगिरीचा उल्लेख टाळणे ही एकाच प्रकारची शिष्टाई आहे.

महाराष्ट्राला हा संबंध जोडण्यासाठी ओढाताण करावी लागत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा आठ वर्षे झाली होती. डेव्हीजच्या कारखान्यात बुधले घडवणारे हात तेव्हा बहुधा जिवंत होते. फुल्यांना या बुधल्यांची माहिती असण्याचे कारण नाही. पण पुण्यात बसून त्यांनी जो दुवा पाहिला, तो आपल्या कला-कौशल्याच्या पाठात दिसू नये याचे नवल वाटते.

मग हा पाठ शिकवूच नये काय? काही जणांची भूमिका तशी आहे: ज्यांच्या पूर्वजांनी हे भोगले त्यांनीच हे रूप घडवावे. ही भूमिका समजून घेण्यासारखी आहे, तरी मी तिथपर्यंत जात नाही. तडकलेल्या पापणीने मला जे कळले ते छायाचित्र पाहून कळले नसते. माझे म्हणणे पाठाच्या क्रमापुरते आहे. 'विचित्र तोंड करा' या सूचनेऐवजी आधी गळा मिटवलेला बुधला विद्यार्थ्यापुढे ठेवावा आणि त्यावर बाहेरून चेहरा चढवायला सांगावे. त्याला अडचण समजू द्यावी. मग पांढरी माती हातात द्यावी, आणि ती फाटली की एजफील्डची गोष्ट सांगावी. गोष्ट आधी सांगितली तर ती प्रस्तावनेसारखी ऐकून विसरली जाते, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे.

वर्गाच्या अखेरीस मूल्यमापनाचा एक कागद मिळाला. सफाई, उपयुक्तता, मौलिकता असे तीन रकाने होते. मौलिकतेच्या रकान्यात मला पैकीच्या पैकी गुण होते, डोळ्यांसाठी.